सहाच्या पुढचा बाण

गेल्या गुरुवारी वीस जणांनी एकाच जागी एकच चूक वाजवली. अगदी सुरात वाजवली. ती चूक माझ्या कागदावरून आली होती.

मी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात राहते आणि आठवड्यातून दोन दिवस एका कम्युनिटी सेंटरमध्ये माउंटन डल्सिमर शिकवते. तेवढंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, जुन्या चाली डल्सिमरवर बसवून टॅब, म्हणजे पडद्यांच्या आकड्यांची स्वरलिपी, लिहिणं. डल्सिमर मांडीवर आडवा ठेवतात. चाल एकाच तारेवर वाजते. बाकीच्या दोन तारा तंबोऱ्यासारख्या सतत घुमत राहतात. नेहमीच्या जुळणीत तारा सा, प आणि वरचा सा अशा लागतात. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या मागे वाढले, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकं काहीच वाटलं नाही. परके वाटले ते पडदे, तारेखालच्या स्वरांच्या आडव्या पट्ट्या. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, हवा तसा सरकवता येतो. इथे तो लाकडात ठोकलेला असतो.

लोकांना वाटतं, फिडलचे स्वर ऐकायचे आणि पडद्यांचे आकडे लिहायचे, झालं काम. फिडलवाला गजाच्या एका ओढीत चार-चार स्वर सांडत जातो. ते सगळे लिहिले तर शिकणारा दुसऱ्या ओळीलाच नखी, म्हणजे तार छेडायची पट्टी, खाली ठेवतो. सोळातले सात-आठ स्वर ठेवायचे, बाकीचे गाळायचे. गाळताना मी गजाकडे कान लावते. लांब-आखूड-आखूड ही त्याची लय नखीत उतरली की स्वर कमी असले तरी चाल ओळखू येते. उलट सगळे स्वर जागेवर असूनही गज हरवला, तर हाती राहते शाळेची प्रार्थना. नेटवरचे निम्मे टॅब तसेच आहेत.

महिन्याभरापूर्वी ऐंशीच्या घरातले एक आजोबा कॅसेट घेऊन आले. वडिलांचं फिडल, स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं, मागे भांड्यांचा आवाज. चालीला नाव नाही. ती त्यांच्या बायकोसाठी बसवायची होती. आजींची बोटं संधिवाताने आखडलेली, त्यामुळे त्या नोटर वापरतात. नोटर म्हणजे पेन्सिलीएवढी लाकडी काठी, बोटाऐवजी तारेवर दाबून सरकवायची. ही जुनीच पद्धत, पण काठी फक्त चालीच्या तारेवरच फिरते.

कॅसेट ऐकली आणि डोकं धरलं. वडिलांनी फिडलची सगळ्यात खालची तार चढवून मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-वर, आणली होती, आणि चाल दर फेरीला तिथपर्यंत उतरत होती: सा, ध, प. आजींच्या चालीच्या तारेवर सा-च्या खाली काहीच नाही. तार उतरवून पंचमाला लावली, की खालचे स्वर मिळतात, पण मग त्या तारेवर कोमल निषादाचा पडदा उरत नाही. आणि वडिलांचा निषाद शुद्ध नव्हता. कोमलही नव्हता. ट्यूनरचा काटा दोन्हींच्या मधोमध उभा राहायचा.

सेंटरमधला गिटार शिकवणारा म्हणाला, "म्हाताऱ्याचं बोट घसरलं असेल." चाल चारदा फिरते, प्रत्येक फेरीत ती जागा दोनदा येते. आठही वेळा बोट नेमकं तेवढंच घसरतं? गिटारवाल्यांशी मी वाद घालत नाही.

मी तार उतरवायचं ठरवलं. खालचे स्वर ठेवले, निषाद शुद्ध लिहिला आणि आजोबांना वाजवून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "छान आहे," म्हणाले. मग थांबून, "पण आमच्या वडिलांचं नाही हे."

पुढच्या वेळी आजी स्वतः आल्या. त्यांनी तार पुन्हा चढवून सा-ला लावलेली. मी म्हटलं, अहो, मग खाली कशा उतरणार? त्यांनी चाल सुरू केली. उतरायची जागा आली तशी काठी तारेवरून उचलली आणि नखी फक्त मधल्या तारेवर मारली. मंद्र पंचम! तो तर पहिल्यापासून तिथे घुमतच होता. मधला धैवत गेला, पण तो गेला हे मला कॅसेट पाठ असल्यामुळेच कळलं. आणि निषादावर त्यांनी काठी सहाव्या पडद्यावर ठेवून किंचित पुढे रेटली. तार ताणली, स्वर कोमलवरून वर सरकला आणि मध्येच थांबला. चालीची तार म्हणजे खरं तर चिकटून लावलेल्या दोन तारांची जोडी; त्यातली एक त्यांनी आधीच काढून ठेवली होती, कारण दोन्ही सारख्या ताणल्या जात नाहीत. लहानपणी मी सतारीवर मींड, म्हणजे तार ओढून स्वर सरकवणं, शिकले, आणि हे मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन टॅब नव्याने लिहिला. त्या जागी ६ लिहून पुढे वर जाणारा छोटा बाण काढला. खाली टीप लिहिली, काठी किंचित रेटावी.

वर्गासाठी कागद टाइप करणाऱ्या बाईंना तो बाण अधिकचं चिन्ह वाटला. ६+ म्हणजे आमच्या भाषेत साडेसहावा पडदा, म्हणजे शुद्ध निषाद. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा जास्तीचा पडदा रूढ झाला. जुन्या वाद्यांवर तो नसायचा. टीप पानात मावत नव्हती म्हणून त्यांनी गाळली. मुद्रित तपासणं माझं काम होतं. मी आकडे पाहिले, चिन्ह पाहिलं नाही.

गुरुवारी मी थांबवायला हवं होतं. पण वीस जण पहिल्यांदाच सगळी चाल न अडखळता वाजवत होते, दोघी-तिघी पायाने ठेका धरत होत्या, आणि आमच्या प्रमुखांनी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात ही चाल घ्यायची असं तिथेच जाहीर केलं. आजोबा भिंतीशी खुर्चीत बसले होते. आजी मागच्या रांगेत. निषाद आला की एकोणीस साडेसहा वाजत आणि एक काठी रेटली जाई. विसावा साडेसहा माझा होता. समोर कागद होता, हात आपोआप तिथे गेला.

सुधारलेला कागद छापून ठेवलाय. अजून वाटलेला नाही.