तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या तारा कशाला?

‘एवढ्या बारीक तारा लावायच्या कशाला? नाही लावल्या तर कोणाला कळणार आहे?’ माझी दुपंखी लढाऊ विमानांची मॉडेल्स पाहणारे बहुतेक जण हेच विचारतात. जेटच्या मॉडेलबद्दल कोणी असं काही विचारत नाही. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

तारा ही दुपंखी विमानाची सजावट नाही, ते त्याचं बांधकाम आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानाचा पंख म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं लिननचं कापड आणि कापड घट्ट बसावं म्हणून दिलेला डोपचा, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लॅकरचा, थर. असा पातळ पंख एकटा सोडला तर हवेच्या दाबाने वाकेल, पिळवटेल. म्हणून एकावर एक दोन पंख, मध्ये उभे खांब आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या ताणलेल्या तारा. ऑक्टेव्ह शानूट हा मुळात रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनियर. त्याने 1896 च्या आपल्या ग्लायडरला पुलाच्या ट्रसची, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांच्या सांगाड्याची, रचना दिली आणि पुढे राइट बंधूंनीही तोच मार्ग धरला. तारा काढल्या तर ते विमान जमिनीवरसुद्धा धड उभं राहणार नाही.

माझं सगळ्यांत आवडतं विमान एस.ई.5ए, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत त्याचं डिझाइन झालं. पंखांची लांबी 8.11 मीटर, म्हणजे 1/48 प्रमाणात जेमतेम 17 सेंटीमीटर. त्याच्या तारा समजून घेतल्या की बाकीची दुपंखी विमानं आपोआप वाचता येतात. विमानाच्या पोटापासून निघून वरच्या पंखाकडे बाहेर जाणाऱ्या त्या फ्लाइंग वायर: हवेत पंख वर उचलला जातो तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या. वरच्या पंखाच्या मधल्या भागातून खाली, बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी येणाऱ्या त्या लँडिंग वायर: जमिनीवर उतरताना पंखांचं वजन पेलणाऱ्या. पुढच्या-मागच्या खांबांमध्ये फुली मारल्यासारख्या असतात त्या इन्सिडन्स वायर, पंखाचा कोन राखणाऱ्या. एस.ई.5ए सारख्या ब्रिटिश विमानांवर या तारा बहुतेक गोल नसत, वारा कापण्यासाठी चपट्या केलेल्या पोलादी पट्ट्याच असत. जर्मनांनी बहुतेक ठिकाणी पीळदार केबल आणि ती आवळायला टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण वाढवायचे स्क्रू, वापरले. मॉडेलवर हा फरक दाखवता आला की मला विलक्षण आनंद होतो.

रचनेत कसर राहिली की काय होतं ते अल्बाट्रॉस डी-3 या जर्मन लढाऊ विमानावर दिसलं. त्याचा खालचा पंख अरुंद, एकाच मुख्य दांड्यावर तोललेला. वेगात सूर मारला की तो पिळवटायचा. 24 जानेवारी 1917 ला खुद्द रिश्टहोफेनच्या, म्हणजे ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेल्या जर्मन वैमानिकाच्या, विमानाचा खालचा पंख हवेत तडकला. एस.ई.5ए ची ख्याती याच्या अगदी उलट, सूर मारताना भरवशाचं विमान अशी.

कोलकात्याचे लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय एस.ई.5ए हेच विमान उडवत होते. जुलै 1918 मध्ये, 9 ते 19 तारखेच्या दरम्यान, त्यांच्या नावावर दहा विजय लागले, त्यांतले काही सहकाऱ्यांबरोबरचे. 22 जुलैला फ्रान्समध्ये जर्मनांच्या फोकर डी-7 विमानांशी लढताना ते मारले गेले. वय एकोणीस. प्रत्येक विमानाच्या तारा जुळवणारा एक रिगर असे. ओळंबा सोडून, लेव्हल लावून तो पंखांचे कोन तपासायचा, तार कुठे सैल तर कुठे जास्त ताणलेली ते पाहायचा. वैमानिकांची नावं आपण वाचतो, रिगरची कोणी वाचत नाही. टेबलावर तारा ओवताना मला आठवतात ते हे लोक.

आता प्रत्यक्ष काम. सहा मिलिमीटर रुंदीची तार 48 पट लहान केली की 0.125 मिलिमीटर उरते, म्हणून मी मासेमारीची सगळ्यांत बारीक तंगूस घेते. पंख जोडण्याआधीच हाताच्या ड्रिलने भोकं पाडायची. रंगही आधीच द्यायचा, नंतर ब्रश आत जात नाही. (ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूचा पीसी-10 नावाचा रंग तपकिरी की हिरवा, यावर मॉडेलवाल्यांत अजून वाद आहेत. मी तपकिरीकडे झुकणारा लावते.) तंगुशीचं एक टोक सायनोच्या, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूच्या, थेंबाने पक्कं करायचं, दुसरं भोकातून ओढून त्याला कपड्यांचा चिमटा लटकवायचा, म्हणजे ताण सारखा राहतो. एका बाजूची तार झाली की लगेच समोरच्या बाजूची. सगळ्या एकाच बाजूच्या आधी ओढल्या तर वरचा पंख तिरका होतो, खऱ्या विमानातही असंच व्हायचं. शेवटी कुठे ढिलाई दिसलीच तर पेटलेली अगरबत्ती तारेजवळून, न टेकवता, हळूच फिरवायची. उष्णतेने नायलॉन आकसतं आणि तार डोळ्यांदेखत सरळ होते. पावसाळ्यात सायनोची वाफ दमट हवेत पांढरी बसते, म्हणून तेव्हा थेंब आणखी लहान आणि खोलीत पंखा चालू.

तार नसलेलं आणि तार असलेलं मॉडेल शेजारी ठेवा. पहिल्यातले पंख नुसते चिकटवलेले दिसतात. दुसऱ्यात वरच्या पंखाचा भार कुठून कुठे उतरतो हे तुमचा डोळा आपोआप शोधायला लागतो. ‘कोणाला कळणार’ याचं माझं उत्तर हे आहे. नाव सांगता आलं नाही तरी फरक प्रत्येकाला कळतो.

तुम्हाला स्वतःला करून पाहायचं असेल तर एस.ई.5ए ने सुरुवात करू नका. फोकर डी-7 घ्या. त्याचे पंख आतूनच इतके भक्कम होते की बाहेर तारा जवळजवळ नाहीतच. त्यावर खांब आणि पंख सरळ बसवायची सवय होते. तारांचं विमान त्यानंतर, आणि तेव्हा तंगूस कुठली घ्यायची ते विचारायला जरूर या.