लोखंडी चाकं आणि १९७८ चा शिकागो

रविवार, रात्री उशिरा

दुपारी कूलरसमोर बसून ‘रोल बाउन्स’ पुन्हा पाहिला. मे महिन्यात नागपुरात दुपारी दुसरं करणार तरी काय! सिनेमा २००५ चा, माल्कम डी. ली यांचा. गोष्ट मात्र १९७८ च्या उन्हाळ्यातली, शिकागोच्या दक्षिण भागातली. वस्तीतली स्केटिंगची रिंक बंद पडते. मग झेवियर आणि त्याचे दोस्त शहराच्या दुसऱ्या टोकाला, पैसेवाल्यांच्या ‘स्वीटवॉटर’ रिंकवर जायला लागतात. तिथे चिडवाचिडवी, मुलींसमोर ऐट, शेवटी मोठी चुरस. त्या वर्षांत अमेरिका ज्या डिस्कोवर नाचत होती, तीच गाणी सिनेमात वाजतात, त्यामुळे तो काळ उसना वाटत नाही.

मला मात्र दरवेळी झेवियरचा बाप धरून ठेवतो. बायको वारलेली, इंजिनिअरची नोकरी गेलेली, आणि नोकरी गेल्याचं तो मुलांना कळू देत नाही. आईबद्दल घरात कुणी बोलत नाही. पोरगा सगळं पायांत घालतो आणि रिंकवर फिरत राहतो. एके दिवशी बापलेक समोरासमोर येतात आणि साठलेलं सगळं बाहेर पडतं. शाय मॅकब्राइडने तो बाप असा उभा केलाय की ओरडणाऱ्या पोराचा राग येत नाही आणि बापाचाही येत नाही. आज तिथे मी सिनेमा थांबवला, पाणी प्यायले, मग पुढे पाहिला.

बाबा आठवले. अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्याकडे स्केट्सची एकच जोडी होती, लोखंडी. खालचा नट ढिला करून लांबी वाढवायची, चामड्याचे पट्टे बुटावरून आवळायचे. डावा दादाच्या पायात, उजवा माझ्या. मोकळ्या पायाने रेटा द्यायचा आणि क्वार्टरांमधल्या सिमेंटच्या पट्टीवर खर्रर्र करत सुटायचं. ऊन उतरलं की कॉलनीतले सगळे पोट्टे तिथे जमायचे. सिनेमातली पोरं नाचू शकतात, कारण सत्तरच्या दशकात पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं आली. ती लाकडी फरशी धरून ठेवतात आणि धक्काही गिळतात. आमच्या लोखंडी चाकांवर नाच कसला, सरळ जायचं आणि शेवटी कडुनिंबाला मिठी मारून थांबायचं.

चाक जाम झालं की बाबा रात्रपाळीहून आल्यावर, झोपायच्या आधी, अंगणात पेपर पसरून बसायचे. पान्याने चाक काढायचे, छर्रे वाटीतल्या रॉकेलमध्ये टाकायचे, जुन्या दाढीच्या ब्रशने घासायचे. एकेक छर्रा बोटांत फिरवून उन्हात बघायचे, ग्रीस लावून परत बसवायचे. मग बोटाने चाकाला टिचकी, आणि ते थांबेपर्यंत आम्ही तिघंही गप्प. बाबा तेव्हा कसल्या काळजीत असायचे, ते आम्हाला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं. पण खेळायला मात्र ते कधी आले नाहीत. आई दारातून ओरडली की म्हणायचे, “पडू दे न. उठते तिची ती.”

ताईची मुलगी आता स्केटिंगच्या क्लासला जाते. एका ओळीत चाकं असलेले इनलाइन स्केट्स, हेल्मेट, गुडघ्याला पॅड. छान चालवते, वळणावर तर बघत राहावं. क्लासला मी नावं ठेवणार नाही. हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली आपल्या मुलींनी आणि मुलांनीही ३००० मीटर रिलेत कांस्य आणलं, २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमार जगज्जेता झाला. पहाटे उठून पोरांना रिंकवर सोडणाऱ्या आईबापांशिवाय हे होत नाही.

पण तिथे तासभर उभी असते तेव्हा एक गोष्ट खटकते. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद, आणि कठड्याला टेकून आम्ही सगळे मोबाइल धरून. त्या पोरांना आपापसात भांडायला, एकमेकांच्या नकला करायला, कुणी नवीन आलं तर त्याला आपल्यात घ्यायचं की नाही हे ठरवायला वेळच मिळत नाही. झेवियरची टोळी हेच तर करत असते. सिनेमातली मोठी स्पर्धा मला त्यापुढे किरकोळ वाटते. वस्तीतली रिंक बंद झाली तेव्हा त्या पोरांची कुणी न विचारता रेंगाळायची जागा गेली. दिग्दर्शकाने तिथे रडारड केली नाही, हे मला फार आवडतं.

संध्याकाळी ताईला फोन केला. तिच्या गल्लीत नवा सिमेंट रस्ता झालाय, सकाळी सहाला गाड्या नसतात. म्हटलं, पुढच्या रविवारी क्लास नाही, शेजारची चार पोरं गोळा कर, आणि आपण दोघी वर गच्चीवर चहा घेऊ. ती म्हणाली, “अन् पडली तर?” हेल्मेट घालू दे, म्हटलं, पण खाली जायचं नाही. हो-नाही करता करता कबूल झाली. साडेसातनंतर ऊन चटके देतं, तेव्हा पोरांना सहाच्या ठोक्याला उठवायचं काम तिचं.