तेवीस शेंगा

गुरुवार, रात्रीचे साडेदहा.

आज संध्याकाळी मी शेंगा मोजल्या. झाले आहे ते एवढेच, आणि तरी घरी आल्यापासून दुसरे काही सुचत नाही म्हणून वही काढून बसलो आहे.

किल्ला तलावाच्या फेऱ्या संपवून मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर दम घ्यायला थांबलो होतो. शेंगावाल्या अव्वाने, म्हणजे म्हातारीने, नेहमीप्रमाणे कानडीत विचारले, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का? आणि मीही नेहमीप्रमाणे "आत्री" म्हणून मोकळा झालो. जेवण झालेले नव्हते. दुपारी दीड वाजता एक भाकरी, वाटीभर पातळ आमटी आणि काकडी, त्यानंतर पोटात पाण्याशिवाय काही गेले नव्हते. पण हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नसतोच. सीमाप्रश्नावर १९५६ पासून दोन्ही बाजू भांडत आल्या आहेत, तरी दिवेलागण झाली की सगळे बेळगाव एकमेकांना ही एकच गोष्ट विचारते, कोणी कानडीत, कोणी मराठीत, आणि पोटात काहीही असले किंवा नसले तरी 'झाले' असेच सांगायचे असते. आज मात्र अव्वा उत्तरावर थांबली नाही. तिने माझ्या तोंडाकडे जरा निरखून पाहिले, वाळूतून नुकत्याच काढलेल्या गरम शेंगांची एक मूठ भरली आणि माझ्या ओंजळीत टाकली.

मी त्या मोजल्या. रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा राहून, अंगठ्याने एकेक शेंग एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर सारत मोजल्या. तेवीस भरल्या. एकीत दोन दाणे धरले तर शेहेचाळीस, दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम. शंभर ग्रॅम दाण्यांना साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे ह्या मुठीला दीडशेच्या आसपास. दीडशे म्हणजे माझ्या वजनाच्या माणसाचे तीन किलोमीटर, म्हणजे आजच्या निम्म्या फेऱ्या. ह्या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नाही, इतका माझा हात आता बसला आहे. वर पाहिले तर अव्वा हात हलवीत होती. "रोक्का ब्याड्री," ती म्हणाली. "तिन्री."

मी किमतीचा हिशेब करतो आहे, असे तिला वाटले होते. पैसे नकोत, खा, असे ती मला सांगत होती.

मी शेंगा खिशात घातल्या, काहीतरी हसल्यासारखे केले आणि निघालो. एकही खाल्ली नाही. पुढे बराच वेळ कान गरम राहिले. ही लाज नेमकी कशाची आहे, ते मला अजून सांगता येत नाही. तिने मला कंजूष समजले म्हणून म्हणावे, तर तसे तिने समजले नाही. तिने मला अडचणीतला माणूस समजले असावे, आणि ते कंजूष समजण्यापेक्षाही जड जाते आहे.

श्रावणात सुरुवात केली तेव्हा वजन ८८ किलो होते. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून सांगितले ते साधे होते: रोज जेवढे लागते त्यापेक्षा पाचशे कॅलरी कमी खा, चालत राहा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरतात, तेव्हा त्यांचा हिशेब बरोबर होता. पण मी कर्ज देणाऱ्या सोसायटीत हिशेब तपासणारा माणूस. कर्ज मुदतीआधी फिटत असेल तर हप्ता दुप्पट का भरू नये, असे माझ्या मनाने घेतले आणि कोणाला न विचारता मी अकराशेवर आलो. वय, उंची आणि वजन सूत्रात घातले तर दिवसभर नुसते अंथरुणात पडून राहायलाही माझ्या शरीराला १६०० च्या वर कॅलरी लागतात, हे मला दसऱ्याच्या सुमारास कळले, आणि कळूनही मी आकडा बदलला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० लिहिल्या आहेत. तो तक्ता मी छापून घेतला, त्याला पंचिंग केले आणि फायलीत लावला. फायलीत लावले की काम झाले, ही आमच्या खात्याची जुनी समजूत आहे.

मग तो वजनकाटा घरात आला. भाकरीचे पीठ मी काट्यावर घालून घेऊ लागलो, साठ ग्रॅम, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. हिने पहिल्या दिवशी थट्टा केली की आता आपल्या स्वयंपाकघराला सराफाची पेढी म्हणायला हरकत नाही. आई हसली नाही. परातीकडे न पाहता ती एवढेच म्हणाली, "मोजून वाढायला ही काय खानावळ आहे?" त्यानंतर तिने मला वाढणे सोडले. मीच घेतो. त्याबद्दल आज लिहीत नाही.

भाऊबिजेला अक्काच्या ताटाचे काय झाले, तेही नको.

वजन मात्र भराभर उतरले आणि ७९.४ वर येऊन बसले, ते तीन आठवडे हलायला तयार नाही. पहिल्या पंधरवड्यात जे गेले त्यात पाणीच बरेच होते हे मला ठाऊक आहे. शरीरातली साठवणीची साखर संपते तशी तिच्या तिप्पट पाणी घेऊन जाते आणि काटा आपली खुशामत करतो. पण आता काय झाले? शरीराला मी कर्जदार धरून चाललो होतो आणि ते वागले आमच्या आईसारखे. वडगावातले आमचे माग बंद होते त्या वर्षी आईने कोणाला न सांगता आधी दूध अर्धे केले, मग पडवीतला दिवा काढला, आणि शेवटी स्वतःच्या पानाला हात लावला. आम्हां मुलांना कितीतरी दिवस काही कळले नव्हते. तसेच आता माझ्या अंगात चालले आहे. हातापायांची ऊब आधी काढली गेली. सोसायटीत पंख्याखाली मी स्वेटर घालून बसतो आणि शिपाई मला ताप आला का विचारतो. मग केस, न्हाणीत जाळीवर रोज एक गुंता निघतो. परवा तांदळाचे पंचवीस किलोचे पोते उचलायला गेलो आणि उंबऱ्यातच खाली ठेवले. चालण्याचे सहा किलोमीटर मी न चुकता वहीत लिहितो, पण उरलेल्या तेवीस तासांत मी किती कमी हलतो, ह्याला वहीत रकाना नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात मी हल्ली स्कूटरवरून जातो. पाण्याचा तांब्यासुद्धा धाकटीला आणायला सांगतो. व्यायामाने कमावलेले मी असे बसल्या जागी परत करतो आहे.

आणि एवढे करून कौतुक कोणी केले? एकानेही नाही. पुण्यामुंबईत माणूस बारीक झाला की म्हणे लोक कोणती जिम लावली ते विचारतात. आमच्याकडे बारीक झालेल्या माणसाला "शुगर निघाली काय?" असे विचारतात. गेल्या तीन महिन्यांत मला हा प्रश्न लग्नात, मयतीला आणि एकदा कपिलेश्वराच्या रांगेत, पुढच्या माणसाने मागे वळून, विचारलेला आहे. मी चाळीस वर्षे जाड होतो तेव्हा मला कोणी आजारी म्हटले नाही. उपाशी राहून मिळवलेल्या अंगाला मात्र सगळे हळहळतात, आणि घरात सगळ्यांची ताटे भरलेली असताना मी एकटा कोपऱ्यात माझी साठ ग्रॅमची भाकरी अर्धा तास पुरवून पुरवून खातो, तुकडा लहान करतो, आणखी लहान करतो, म्हणजे ती संपू नये.

हे अर्ध्या तासाचे आठवले आणि हसू आले, कारण हेच मी गेल्या आठवड्यात वाचले होते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ते तरुण स्वखुशीने आलेले होते. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे त्यातून कळावे हा हेतू होता. त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत, बटाटे, कोबी, पाव असले जेवण, आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालावे लागे. त्यांचे जवळजवळ पाव वजन गेले. पण मला खिळवून ठेवले ते वजनाने नाही. ते तरुण जेवण तासन्‌तास लांबवीत, थाळ्या चाटीत, उन्हाळ्यात गारठत, आपापसांत चिडचिड करीत आणि पाककृतींची पुस्तके जमवीत. ज्यांनी पूर्वी कधी चुलीकडे पाहिले नव्हते, ते पाककृती वाचीत बसत.

मी रोज रात्री अकरा वाजता अंथरुणात मोबाइल पोटावर ठेवून मांडे करण्याचे व्हिडिओ पाहतो. लग्नात ढीगभर मांडे वाढलेले असताना मी कधी त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. आता मात्र ती बाई कणकेची पारी हातांवर घेते, ती कोपरापर्यंत ओघळू लागते, मग उपड्या कढईवर ती अशी अलगद टाकते की एकही सुरकुती पडत नाही, वर पिठीसाखर, तूप, आणि गरम असतानाच घडी. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की उद्या आचाऱ्याच्या हाताखाली उभा राहीन. मनात मांडे खाणे हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करून पाठ केला होता. त्याचा इतका शब्दशः उपयोग बेळगावात राहूनसुद्धा कोणी केला नसेल.

त्या मुलांची आणि माझी तुलना खरे तर होत नाही, हे मला कळते. ती मुळात सडपातळ होती आणि माझ्याकडे अजूनही पुरेसा साठा आहे. शिवाय सोसायटीतले आमचे तज्ज्ञ सांगतात की कमी खाल्ले की वजन उलटे वाढते, तेही त्या प्रयोगात दिसत नाही. शरीर खर्च आखडते, दिवे मालवते, पायांवर पाणी साठवून काट्याला फसवते, पण ती मुले शेवटपर्यंत वाळतच गेली. मग माझाच काटा तीन आठवडे का अडला आहे?

त्याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मी ह्या वहीत अजून लिहिलेले नाही. मांड्यांचे व्हिडिओ संपले की साडेअकराला मी उठतो. दिवा लावत नाही. फडताळाच्या दुसऱ्या फळीवर डावीकडे दाण्याच्या कुटाचा डबा आहे, त्याच्या मागे गूळ. मी उभ्या उभ्या चार चमचे खातो, कधी सहा, कधी डबा हलका लागेपर्यंत. तोंड पुसतो आणि झोपतो. आठवड्यातून तीनदा होते, कधी चारदा. सकाळी वहीत अकराशेच असतात. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या, कोणाची दोन रुपयांची चूक सोडली नाही, आणि घरी मात्र माझ्या दोन वह्या आहेत, एक लिहिलेली आणि एक अंधारातली. कुटाचा डबा लवकर संपतो हे हिला कळलेले आहे. तिने एकदाही विचारले नाही, फक्त हल्ली दाणे जास्त भाजते.

तेव्हा ती लाज ह्या जागी होती तर. स्वतःच्या घरात चोरून खातो ते मी मोजत नाही, आणि उघड्यावर, दिव्याखाली, कोणी आपण होऊन हातात ठेवले ते मोजतो. अव्वाला मी आजवर कधी जेवलीस का म्हणून उलट विचारलेले नाही, हेही आत्ताच लक्षात आले. ती तिथे दुपारपासून बसलेली असते.

डॉक्टरांचा कागद पुन्हा काढून पाहिला. पाचशेच लिहिले आहेत, खाली दोनदा रेघ मारून. उद्यापासून सतराशे धरायचे ठरवले आहे, सकाळी पोहे, रात्री आईने वाढले तर भात. आई वाढील की नाही, सांगता येत नाही. शनिवारी डॉक्टरांना दाखवून येईन, डब्याचेही सांगेन. निदान तसे ह्या क्षणी वाटते आहे.

साडेअकरा वाजून गेले. आज फडताळाकडे गेलो नाही, कारण खिशातल्या शेंगा टेबलावर काढून ठेवल्या होत्या आणि लिहिता लिहिता हात तिकडे जात होता. गार झाल्या आहेत, जराशा करपलेल्याही आहेत, पण दाणा भरलेला आहे. चौदा उरल्या आहेत. होय, मोजल्या. वहीवर, काट्यावर, डॉक्टरांच्या कागदावर सगळीकडे टरफले झाली आहेत. टिळकांची ती गोष्ट शाळेत कितीदा सांगितली होती, पण मला आज त्यांच्यासारखे हात झटकून उभे राहण्याची सोय नाही. शेंगा मीच खाल्ल्या आहेत. उरलेल्या खातो आणि टरफले उचलतो.