अब्बा ‘हार्डली’ काम करतात

चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत होतो. मालेगावात आमच्या मोहल्ल्यातली बहुतेक मुलं तिथेच शिकायची. अब्बांनी मला पाचवीला मराठी शाळेत घातलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मराठी वर्षभरात जमली. इंग्रजी मात्र आठवीतही माझ्या डोक्यात आधी उर्दूत उतरायची, मग मराठीत.

त्या वर्षी ‘माझे वडील’ या निबंधात मी लिहिलं, ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ हार्ड म्हणजे कष्टाचं, ‘ली’ लावलं की झालं क्रियाविशेषण, असा माझा हिशोब. हार्ड हे तसंच्या तसं क्रियाविशेषण म्हणून चालतं, हे कुणाला ठाऊक! सर म्हणाले, “हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. तुझे अब्बा कामच करत नाहीत का रे?” वर्ग खदखदला. अब्बा बारा-बारा तास लूमवर उभे असायचे. माझे कान तापले.

सरांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. “हार्डलीला उर्दूत काय म्हणशील?”

“मुश्किल से.”

“मग म्हातारा मुश्किल से जिना चढला, इथे हार्डली चालेल?”

नाही चालत, तिथे ‘विथ डिफिकल्टी’. ‘मुश्किल से दस मिनट हुए’ला मात्र चालतं, म्हणजे आपलं ‘जेमतेम दहा मिनिटं’.

मग मला ‘शायद ही’ आठवलं. फळ्यावर लिहिलं, ‘वो शायद ही आए.’ सरांना उर्दू येत नव्हती. “यात ‘नहीं’ कुठाय?”

“नाहीये सर. तरी तो येत नसतो.”

नुसतं ‘शायद’ म्हणजे कदाचित येईलही; मागे ‘ही’ चिकटला की आशा संपली. सर खूश. हार्डलीच्या वाक्यात ‘नॉट’ का घालायचं नाही, ते त्यांनी मग माझ्याच वाक्यावरून सगळ्यांना शिकवलं.

दहावीला ‘हार्डली हॅड... व्हेन’ने पोरांना छळलं. मला ते सोपं गेलं. ‘पहुँचा ही था कि गाड़ी छूट गई’. मनमाडला पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली. मालेगावकराला आणखी काय समजावायचं, रेल्वे धरायला आम्ही जातो मनमाडलाच!

निबंधाचं त्या रात्री अब्बांना भीतभीतच सांगितलं. त्यांनी हार्डलीचा अर्थ विचारला. ऐकून हसले.

“शेठ भी यही बोलता है,” म्हणाले, आणि डबा उचलून रातपाळीला गेले.