हॉलश्टाट: कपाळावरचे गुलाब

साल्झबर्गचे दोन दिवस छान गेले, पण लिहायचंय ते ऑस्ट्रियातल्याच हॉलश्टाटबद्दल. त्यातही तिथल्या एका लहानशा खोलीबद्दल.

स्टेशन तळ्याच्या एका काठाला, गाव समोरच्या. बोटीतून गाव जवळ येताना जीव सुखावला. धक्क्यावर पाय ठेवला आणि चिडचिड सुरू झाली. गावाची वस्ती सातशे-आठशे, आणि गर्दीच्या दिवसांत दहा हजारांपर्यंत माणसं येतात. लोक चक्क परक्यांच्या उंबरठ्यावर बसून फोटो काढत होते. २०२३ साली गावाने फोटोच्या जागी लाकडी कुंपण घातलं होतं, ओरड झाल्यावर काढलं. मी म्हणते, राहू द्यायला हवं होतं.

गर्दीला कंटाळून पायऱ्या चढून चर्चपाशी गेले. तिथून कळतं, इथे सपाट जमीनच नाही. डोंगर थेट पाण्यात उतरतो. तरी माणूस इथे टिकला तो मिठामुळे. वरच्या डोंगरातून सुमारे ७,००० वर्षं मीठ निघतंय. १८४६ साली खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना तिथे प्राचीन दफनभूमी सापडली. त्यांनी जवळजवळ हजार थडगी उघडली, आणि युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला या गावाचंच नाव मिळालं.

एवढं मोठं नाव, पण मेल्यावर निजायला जागा नाही! चर्चची दफनभूमी एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढी. कॅथलिकांना १९६३ पर्यंत दहनाची मुभा नव्हती. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, कवटी उन्हात पांढरी होऊ द्यायची, मग तिच्यावर नाव, साल आणि फुलंपानं रंगवायची.

त्या अस्थिघरात बाराशे कवट्या आहेत, त्यातल्या सहाशेच्या वर रंगवलेल्या. मन घट्ट करून आत गेले, पण भीती वाटलीच नाही. एका कपाळावर गुलाब, शेजारच्या कपाळावर आयव्हीचा वेल. एकेका घराण्याच्या कवट्या जवळजवळ मांडलेल्या. रंगवायचा बहुधा कबरी खणणाराच. एवढ्याशा गावात त्याला अनोळखी कोण असणार? ओळखीच्या माणसाचं डोकं हातात धरून तो एकेक पाकळी काढत असेल.

मला आजी आठवली. शेवटच्या वर्षी तिचे केस मीच विंचरायचे. तिच्या डोक्याचा आकार माझ्या तळहाताला अजून आठवतो. तिच्या अस्थी आम्ही रामकुंडात सोडल्या. तेच योग्य होतं, असं मी आजही मानते. तरीही त्या खोलीत उभी असताना हात नकळत ओंजळीसारखे झाले होते.

किती वेळ गेला कळलं नाही. मिठाची खाण राहूनच गेली. खाली आले तेव्हा धक्क्यावर बोटीसाठी लांबलचक रांग होती. मी शेवटी जाऊन उभी राहिले.