गुरुवारची चर्चा

गुरुवार, रात्री उशिरा

डेटावर काम करणाऱ्यांची ऑनलाइन चर्चा मी दर गुरुवारी घेते. आजचा विषय इतका किरकोळ होता की निरोप पाठवताना मलाच जरा संकोच वाटला. "एकदाही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायचेत. क्वेरी चालते, एरर येत नाही, पण एकही ओळ हाती लागत नाही." एवढंच. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न.) आणि याच विषयावर मंडळी वेळ उलटून गेली तरी उठायला तयार नव्हती.

ज्याने प्रश्न आणला त्याने दोन छोटे तक्ते समोर ठेवले, एक ग्राहकांचा, एक ऑर्डरींचा. असे प्रश्न ज्या भाषेत विचारतात त्या एसक्यूएलमध्ये 'नॉट इन' (यादीत नसलेले) वापरून त्याने विचारलं होतं की जे आयडी ऑर्डरींच्या तक्त्यात नाहीत ते द्या. वाचायला सरळ. तीन ग्राहकांनी काहीच घेतलेलं नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, तरी उत्तर रिकामं. मग कुणीतरी ऑर्डरींच्या तक्त्यात अगदी खालच्या ओळीकडे बोट दाखवलं. तिथे ग्राहक आयडीच्या रकान्यात काहीच नव्हतं, 'नल' होता. एसक्यूएलमध्ये नलशी तुलना केली की उत्तर 'हो'ही येत नाही आणि 'नाही'ही येत नाही, 'माहीत नाही' येतं. यादीत असा एक जरी नल असला तरी "हा आयडी यादीत नाही" असं डेटाबेस छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि ज्याची खात्री नाही ती ओळ तो देत नाही. त्याऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे 'या ग्राहकाची एकही ऑर्डर नाही', असं लिहिल्यावर तिन्ही ग्राहक हजर.

विषय इथेच मिटायचा. एकाने एआयला विचारून दुरुस्त क्वेरी चॅटमध्ये टाकलीसुद्धा होती, आणि ती बरोबर होती. पण आमच्यात एक संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाई येतात, क्वचितच बोलतात. त्यांनी माइक चालू केला आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण तो नल आला कुठून?"

पुढचा सगळा वेळ त्या प्रश्नाने खाल्ला. लॉगिन न करता, पाहुणा म्हणून खरेदी करणाऱ्यांच्या ऑर्डरीला ग्राहक आयडीच नसतो. म्हणजे रकाना चुकून रिकामा राहिलेला नव्हता, तो तसाच राहणार हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं होतं. मग पाहुणा म्हणून दोनदा खरेदी करून नंतर खातं उघडलेला माणूस 'एकदाही ऑर्डर न दिलेला' धरायचा का? मार्केटिंगवाले त्याला नव्या ग्राहकाची सवलत पाठवणार, तो ती घेणार, आणि पुढच्या महिन्यात नवे ग्राहक वाढले म्हणून स्लाइड तयार होणार. एरवी गप्प असणारा एक मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडे असाच एक आकडा कित्येक महिने शून्य दिसायचा. शून्य चांगलं म्हणून कुणी हातच लावला नाही."

त्यावरून इंग्लंडची गोष्ट निघाली. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस कोविडचे १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नव्हते, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायला त्यामुळे उशीर झाला. कारण एवढंच, की एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. वरच्या ओळी जागच्या जागी, बाकीच्या गळून गेलेल्या. आरडाओरडा करणाऱ्या एररपेक्षा गुपचूप येणारं नीटनेटकं उत्तर जास्त धोक्याचं, यावर आज पहिल्यांदा इंजिनिअर आणि ॲनालिस्ट यांचं एकमत झालं. (टिकेल असं नाही.)

मोठे विषयही घेऊन पाहिले आहेत. 'डेटा संस्कृती', 'ॲनालिटिक्सचं भवितव्य' असं काही जाहीर केलं की गर्दी होते. मग जो तो कुठेतरी वाचलेलं बोलतो, सगळे माना डोलावतात, कुणाचं कुणाशी वाजत नाही, आणि ठरल्या वेळी सगळे नम्रपणे बाहेर पडतात. किरकोळ विषयाला निम्मी माणसं येतात, पण ती भांडतात. मला भांडणारी हवी आहेत.

मागे एकाने सुचवलं होतं की आपणच डेटावाले, तेव्हा हजेरीचा, बोललेल्या मिनिटांचा डॅशबोर्ड करू. मी नको म्हटलं. कारण सांगायला गुडहार्टच पुरेसा होता: चार्ल्स गुडहार्ट हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ, १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहीत होता, नियंत्रणासाठी एखाद्या मापावर जोर दिला की ते माप भरवशाचं राहत नाही, असा त्याचा मुद्दा. हजेरी मोजायला लागले तर मी पुन्हा 'भवितव्य'च जाहीर करत बसेन. सुचवणाऱ्याला पटलं की नाही, कोण जाणे. डॅशबोर्ड त्याने बहुधा स्वतःपुरता केलाच असेल.

अडचण वेगळीच असते. माणसं अडलेली असतात, पण बोलणार कशी? आकडे कंपनीचे, चूकही बहुतेक वेळा कंपनीचीच. म्हणून आमच्याकडे चॅटम हाउस या लंडनच्या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा नियम चालतो: ऐकलेलं खुशाल वापरा, पण कोण बोललं आणि कुठल्या संस्थेचा माणूस बोलला हे बाहेर सांगायचं नाही. रेकॉर्डिंग नाही. आणि खरा डेटा स्क्रीनवर नाही. तीच अडचण दाखवणारा छोटासा खोटा तक्ता बनवून आणायचा.

ही शेवटची अट मी गोपनीयतेसाठी घातली होती, तिचा खरा उपयोग नंतर कळला. मूळ तक्त्यातल्या लाखो ओळींमधून दहा-बारा ओळींत तोच बिघाड उभा करायचा तर आधी बिघाड नेमका कशात आहे ते उमजावं लागतं. कितीतरी जण बुधवारी रात्री निरोप पाठवतात, "राहू द्या, तक्ता बनवतानाच सापडलं." मी त्यांना तरीही यायला लावते. सापडलेलं उत्तर घेऊन आलेला माणूस फार चांगला प्रश्न विचारतो.

शांततेची मात्र मला अजून सवय झालेली नाही. समोरासमोर बसलेली माणसं गप्प असली तर निदान चेहरे दिसतात. इथे काळे चौकोन आणि नावं. म्हणून आता मी प्रश्न विचारते आणि सांगते, उत्तर चॅटमध्ये टाइप करा, पण मी म्हणेपर्यंत पाठवू नका. मग एकदम सगळ्यांची उत्तरं येऊन पडतात. यात लाजाळू माणसाची सोय होते हे तर आहेच, शिवाय पहिल्याने सांगितलेल्या आकड्याकडे बाकीचे ओढले जात नाहीत. मोठ्या हुद्द्याचा माणूस पहिल्यांदा बोलला की काय होतं ते आपण सगळ्यांनीच ऑफिसात पाहिलेलं आहे.

सर्वांत मजेची चर्चा मात्र कागद-पेन्सिलीची झाली होती. अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच दिले. एक्सची सरासरी ९, वायची सुमारे ७.५, सहसंबंध (दोन्ही किती एका रेषेत बदलतात त्याचं माप) सुमारे ०.८२, चारही संचांत जवळजवळ तंतोतंत तेच. मी फक्त हे आकडे वाचून दाखवले आणि म्हटलं, आलेख काढा, कॅमेऱ्यासमोर धरा. बहुतेक सगळ्यांनी उजवीकडे चढत जाणारा ठिपक्यांचा ढग काढला. मग चारही आलेख दाखवले: एक तसाच ढग, एक चक्क कमानीसारखा, एक सरळ रेष आणि तिच्यापासून फटकून बसलेला एक बिंदू, आणि एक ज्यात दहा बिंदू उभ्या रांगेत आणि अकरावा पार टोकाला. ज्यांना आधीपासून माहीत होतं ते मिश्कीलपणे गप्प बसले होते. त्या दिवशी कॅमेरे आपोआप चालू झाले.

पुढच्या गुरुवारी 'सक्रिय ग्राहक' घ्यायचं आजच ठरलं. पाहुण्यांचा प्रश्न तिकडेच घेऊन जातो. निरोप आत्ताच पाठवून टाकला: तुमच्याकडे सक्रिय कुणाला म्हणतात ते एका वाक्यात लिहून ठेवा. किती दिवसांतला, काय केलं म्हणजे सक्रिय, आणि हे कुणी ठरवलं. हे कुणी ठरवलं ते माहीत नसेल, तर शुक्रवारपासून ऑफिसात विचारायला लागा. मॅनेजरांनाही सूट नाही.