वाईतला रविवार
वाईच्या टीमशी क्रिकेट मॅच होती, म्हणून पहाटे साडेपाचला पुण्यात स्वारगेटहून निघालो. दोन गाड्यांत अकरा जण, मांडीवर किटबॅगा. खंबाटकी घाट चढताना कुणी फारसं बोलत नव्हतं, झोप होती सगळ्यांच्या डोळ्यांत. वाईत उतरलो आणि समोर पांडवगड किल्ला बघून ती उडाली.

मैदानावर मॅटिंगची विकेट, म्हणजे पिचवर ताणून बसवलेली चटई. ती ताणायला त्यांचे चार आणि आमचे चार, एकच हातोडा फिरवत कडेचे खिळे ठोकत होतो. मॅच सुरू व्हायच्या आधीच ओळखी झाल्या. पुण्यात आम्ही टर्फवर, म्हणजे गवत-मातीच्या पिचवर खेळतो, तिथे गुडघ्याला येणारा बॉल इथे थेट छातीवर. पहिल्या सहा ओव्हरमध्ये तीन गेले. मग आमचे काका उभे राहिले, वय ५२. प्रत्येक बॉल मागच्या पायावर, मऊ हातांनी खाली दाबायचा. ४१ काढल्या त्यांनी. एवढं सुंदर बॅटिंग मी बऱ्याच दिवसांत जवळून पाहिलं नव्हतं.

चार रननी हरलो. शेवटचा कॅच माझ्या हातून सुटला. तळव्यावर शिवणीचा लाल वळ अजून आहे. गाडीत मी गप्प होतो, तेव्हा काकांनी मागून फक्त खांद्यावर हात ठेवला आणि घाट उतरेपर्यंत काढला नाही.

दुपारचं पिठलं-भाकरी आणि ठेचा वाईच्या विकेटकीपरच्या आईने पाठवला होता, दोन्ही टीमसाठी. मावशी, मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात ते पुण्याला येणार आहेत. जेवण आमच्याकडे.